हिगाकींच्या हातची चव

ओसाकाच्या तेन्मा भागातल्या आमच्या गल्लीत, देवळाच्या मागच्या अंगाला, त्सुनेओ हिगाकीचं जेवणाचं दुकान आहे. आठ खुर्च्या, समोर एक लांब लाकडी फळी आणि फळीच्या पलीकडे सुरी घेऊन उभा तो. दारावर पाटी नाही. एक कापडी पडदा आहे, पण तो इतक्यांदा धुतलाय की त्यावरचं नाव वाचायला डोळे बारीक करावे लागतात. माझं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. त्याच्याकडे लागणाऱ्या बाटल्या मी पोचवतो आणि पोचवायला गेलो की काहीतरी चाखून येतो. त्यामुळे पुढे जो घोळ झाला, त्यात लोकांनी मलाच साक्षीदार धरलं. मी काही कामाचा साक्षीदार नव्हतो, ते येईलच पुढे.

त्सुनेओ मूळचा आवाजी बेटावरचा, कांदे पिकवणाऱ्याचा तिसरा मुलगा. घरच्या जमिनीत तिसऱ्याला वाटा मिळण्याची आशा नव्हती, म्हणून शाळा संपल्या संपल्या त्याला ओसाकाला एका उस्तादाच्या हाताखाली धाडलं. तिथे सुरुवातीची वर्षं मुळे किसण्यात आणि पातेली घासण्यात गेली. उस्ताद बोलत नसे, फक्त चुकलं की लाकडी चमचा आपटायचा. त्सुनेओनं त्याच्याकडून मासा कापणं घेतलं, सार करणं घेतलं आणि न बोलणंही घेतलं. आजही एखाद्या गिऱ्हाइकानं तोंड भरून कौतुक केलं, तर हा "हं" म्हणतो आणि फळी पुसायला लागतो.

त्याची बायको मित्सुए एका मोठ्या बाजारपेठेच्या इमारतीत लिफ्ट चालवायची. पांढरे हातमोजे घालून, मान किंचित कलती करून, "वर जात आहोत, सावकाश या" असं दिवसभर म्हणायची. लग्नानंतर ती नोकरी सुटली, पण आवाज तसाच राहिला. गिऱ्हाइकाचा कोट घेताना, त्याला खुर्ची दाखवताना ती अजून त्याच सुरात बोलते. दुकान काढल्यापासून ती फळीच्या अलीकडे आणि तो पलीकडे. ताटं नेणं-आणणं, लाखेच्या वाट्या पुसणं, फोन घेणं, फुशारक्या मारणाऱ्या गिऱ्हाइकाला गोडीनं गप्प बसवणं हे सगळं तिचं. चुलीला मात्र तिनं दुकानात कधी हात लावला नव्हता. वरच्या मजल्यावर त्यांचं घर आहे. तिथे रविवारी ती घरचं जेवण करायची आणि तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी त्सुनेओ लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलायला वाकला तो सरळ झालाच नाही. कमरेतून अशी कळ आली की तो तिथेच ओल्या फरशीवर आडवा झाला. इस्पितळात कमरेवर शस्त्रक्रिया झाली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की जुलैत आमच्याकडचा पावसाळा संपून कडक ऊन पडेपर्यंत पाठ जमिनीला, चुलीपाशी उभं राहायचं नाव काढायचं नाही. त्याला चौघांनी मिळून जिन्यानं वर नेला. त्यातला एक मी. जिना इतका अरुंद की वाटेत तो आम्हालाच शिकवत होता, कुणी कुठला पाय कुठे ठेवायचा.

आता दुकान बंद ठेवावं हे उघड होतं. त्सुनेओनं तसं सांगितलंही. पण चेरी फुलायच्या दिवसांतल्या सगळ्या खुर्च्या आधीच लोकांनी धरून ठेवल्या होत्या. मित्सुएनं एकेकाला फोन लावला. ताइशो अंथरुणावर आहेत, मी जमेल ते करून वाढीन, दर कमी घेईन, नको असेल त्यानं मोकळेपणी नको म्हणावं, असं ती लिफ्टमधल्या आवाजात सगळ्यांना सांगत गेली. दुकानाच्या मालकाला आमच्याकडे सगळे ताइशोच म्हणतात. बरेच जण येतो म्हणाले. काही कुतूहलानं आणि काही तिला नाही म्हणवेना म्हणून.

नवऱ्याला तिनं हे नंतर सांगितलं. तो म्हणाला, "तुला वेड लागलंय."

ती म्हणाली, "दुकान बंद ठेवलं तर तुम्ही दिवसभर वर आणि मी दिवसभर तुमच्यासमोर, मग तर दोघांना लागेल."

पहिले काही दिवस तो वरून सांगायचा आणि ती खाली करायची. जिन्याशी फोन उघडा ठेवलेला असे. पण त्याला सांगता येत नव्हतं. आयुष्यभर हातानं केलेली गोष्ट तोंडानं सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. "थोडं कमी." कशापेक्षा कमी? "नेहमीपेक्षा." नेहमी किती? "ते काय मोजतात का?" असं ते चालायचं. शेवटी तिनं फोन बंद करून टाकला. मग त्यानं हातात काठी घेतली. खालून कोंबूचा, म्हणजे साराला लागणाऱ्या त्या समुद्री पट्टीचा, जास्त उकळल्याचा वास आला की हा वरून जमिनीवर काठी आपटायचा. खाली छतातून धूळ पडायची. गिऱ्हाइकं दचकून वर बघायची. मित्सुए मान किंचित कलती करून सांगायची, "वर ताइशो आहेत. सार उकळलं का, विचारताहेत." गिऱ्हाइकं हसायची. दोन-चार दिवसांनी तिनं धूर ओढणारा पंखा पूर्ण जोरात लावायला सुरुवात केली, म्हणजे वास वर जायलाच नको. काठी थांबली.

तिला सगळं येत नव्हतं. हामो मासा तर नाहीच. त्याचे केसासारखे काटे कातडी न तोडता आतल्या आत बारीक कापावे लागतात आणि त्यात माणसाची वर्षं जातात. कच्चा मासा ती मासळीवाल्याकडूनच कापून घ्यायची. मग राहिलं काय, तर तिला येणारं. रविवारी वरच्या मजल्यावर होणारं. आवाजीहून त्सुनेओच्या भावानं पाठवलेले कोवळे कांदे ती अख्खेच साराच्या पाण्यात मंद आचेवर तासन् तास ठेवायची. कांदा चमच्यानं कापला जाईल इतका मऊ, पण आकार शाबूत. लाखेच्या वाटीत तो एक कांदा, वर आल्याचा थेंबभर रस, झाकण. सोबत वालासारख्या हिरव्या दाण्यांचा भात, शिजवलेले बांबूचे कोंब, साधा छोटा मासा.

ही कांद्याची वाटी मी खाल्ली. चांगली होती. पण चांगली म्हणजे काय, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पोटात गरम गेलं आणि वाटी कधी रिकामी झाली ते कळलं नाही.

जुलैत देवळाचा उत्सव आला तेव्हा त्सुनेओ खाली उतरला. मित्सुएनं चुलीसमोरची जागा सोडली, सुरी धुऊन, पुसून फळीवर आडवी ठेवली आणि ती पुन्हा अलीकडे येऊन कोट घ्यायला लागली. उन्हाळ्यात कोट कोण घालतं, पण ती उभी तिथेच राहिली. त्सुनेओनं हामो आणला. ते काटे कापतानाचा आवाज गल्लीत ऐकू आला आणि आम्हाला वाटलं, चला, झालं सगळं पूर्ववत.

थंडी पडायच्या सुमारास एका सकाळी मी बाटल्या घेऊन गेलो तर दोघं फोनकडे बघत उभे. जगभरच्या चांगल्या जेवणघरांना तारे देणारं ते जे पुस्तक निघतं, त्यांचा फोन येऊन गेला होता. हिगाकींच्या दुकानाला यंदा तारा मिळणार होता. या पुस्तकाची माणसं गुपचूप येतात, साध्या गिऱ्हाइकासारखी जेवतात, पैसे देतात आणि जातात. कोण आलं, कधी आलं हे शेवटपर्यंत कळत नाही. फोनवरच्या बाईनं अभिनंदन करून समारंभाला यायचं सांगितलं आणि विचारलं, मुख्य आचाऱ्याचं पूर्ण नाव काय लिहू?

त्सुनेओ म्हणाला, हिगाकी.

आणि पुढचं नाव?

इथे तो गप्प झाला. मित्सुए शेजारीच उभी होती. ती मला नंतर म्हणाली, तिला वाटलं फोन बंद पडला. मग तो म्हणाला, उद्या सांगतो. पलीकडच्या बाईला काही समजेना. तिनं विचारलं, बरं, समारंभात जो पांढरा कोट देतात त्याचं माप तरी सांगा. त्यावर त्सुनेओ म्हणाला, मधलं.

त्सुनेओचे खांदे दारात अडकतात एवढे रुंद आहेत. मित्सुए त्याच्या खांद्यालाही लागत नाही. तिनं विचारलं, मधलं कुणाला होणार? तो म्हणाला, "तुला मोठं होईल, मला लहान होईल. दोघांना सारखंच." हे त्यानं चेष्टेत म्हटलं की खरंच, ते तिला कळलं नाही. ती तांदूळ धुवायला गेली.

समारंभाला ते दोघं गेले. नाव शेवटी त्सुनेओचंच दिलं गेलं, कारण मित्सुएनं दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून ते सांगून टाकलं. नदीकाठच्या मोठ्या सभागृहात दिव्यांच्या झगमगाटात तो कोट घालून उभा राहिला. कोटाची बटणं लागली नाहीत. फोटोत तो दोन्ही हातांनी पोट झाकून उभा आहे आणि सगळ्यांना वाटलं, किती नम्र माणूस.

खरा घोळ पुस्तक हातात आल्यावर सुरू झाला. त्यात हिगाकींवर मोजून चार ओळी. झाकण उघडताच ऋतू समोर येतो, साराची चव स्वच्छ आणि शांत आहे, आतिथ्य आपुलकीचं आहे, वगैरे. कुठल्याही पदार्थाचं नाव नाही. त्सुनेओनं त्या ओळी इतक्यांदा वाचल्या की पान सुटं झालं. तो माझ्या दुकानात आला, पुस्तक गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, "शांत म्हणजे कुणाचं?"

मला समजेना. त्यानं मग समजावून सांगितलं. पुस्तकवाले वर्षभर कधीही येतात. समजा ते वसंतात आले असतील, तर त्यांनी मित्सुएच्या हातचं खाल्लं. जुलैनंतर आले असतील, तर त्याच्या. दोन्ही वेळा आले असतील, तर काय? एकदा नापास आणि एकदा पास? की दोन्हीदा पास? आणि नापास कोण?

मी म्हटलं, तारा दुकानाला मिळालाय, दुकान तुमचं दोघांचं, विषय संपला.

"सभागृहात दुकान गेलं होतं का? मी गेलो होतो." मग म्हणाला, "निशिओ, तू दोन्ही खाल्लंस. खरं सांग."

मी खरंच विचार केला. त्याच्या साराची आठवण काढली तर जिभेवर ते नेमकं येतं. आधी समुद्राचा वास, मग मासा, मग एक कडक, सरळ चव. मित्सुएच्या कांद्याची आठवण काढली तर चव येत नाही, त्या संध्याकाळी मी कुठल्या खुर्चीवर बसलो होतो ते आठवतं. यातलं सरस कोणतं? मी त्याला म्हटलं, मला नाही सांगता येणार. तो पुस्तक घेऊन निघून गेला. त्याला वाटलं असावं मी मित्सुएची बाजू घेतोय. संध्याकाळी मित्सुए भेटली, तर तिला वाटत होतं मी त्याची घेतली.

मग दोघं तपासाला लागले. त्या वर्षी आलेल्या एकेका अनोळखी माणसाची आठवण काढायची आणि तो पुस्तकवाला होता का ते ठरवायचं. मित्सुएचा संशय छताकडे टक लावून बघणाऱ्या एका गृहस्थावर होता. त्सुनेओ म्हणाला, छताकडे सगळेच बघत होते, मी काठी आपटत होतो. त्याचा संशय ऑगस्टमधल्या एका जोडप्यावर, कारण ते जेवताना एक अक्षर बोलले नाहीत. मित्सुए म्हणाली, त्यांचं भांडण झालं होतं, बाई डोळे पुसत होत्या. एकावर मात्र दोघांचं एकमत झालं. पन्नाशीची एक बाई, एकटी येणारी. वाटीचं झाकण उचललं की उलटं करून आतून बघणारी, प्रत्येक घास थांबून खाणारी. ती मे महिन्यात आली होती हे मित्सुएला पक्कं आठवत होतं आणि सप्टेंबरात आली होती हे त्सुनेओला.

या दरम्यान दुकानात गर्दी लोटली. तोक्योहून लोक यायला लागले. फोन खाली ठेवावा तर लगेच वाजायचा. त्सुनेओ तेच करत होता जे आयुष्यभर केलं, पण हात बिचकायला लागला. सार गाळताना मध्येच थांबायचा. एकदा मी बघितलं, त्यानं एकाच पातेल्यातलं सार दोन चमच्यांनी चाखलं, जणू दोन चमच्यांतून दोन चवी येणार होत्या. पूर्वी कुणी कौतुक केलं तर हं म्हणणारा हा माणूस आता विचारायचा, "नेमकं काय आवडलं?" गिऱ्हाईक बावरून जायचं. मित्सुए मान कलती करून विषय बदलायची.

जानेवारीत ती एकटी बाई पुन्हा आली. मी पलीकडच्या टोकाला बसलो होतो, दोघांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं म्हणा ना. बाईंनी झाकण उलटं करून बघितलं. त्सुनेओची सुरी थांबली. तुम्ही पुस्तकवाले का, हे विचारणं म्हणजे आमच्याकडे बेअदबीचा कळस. पण त्याला राहवलं नाही. तो फळीवर दोन्ही हात टेकून पुढे झुकला आणि त्यानं सरळ विचारलं.

बाईंना आधी काही कळेना. कळल्यावर त्या हसल्या नाहीत, उलट ओशाळल्या. त्या नारा शहरातल्या दंतवैद्य होत्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायची सवय, त्यामुळे झाकणाचा आतला भागही बघितल्याशिवाय राहवत नाही, असं म्हणून त्यांनी माफी मागितली. घरी कुणी नाही, म्हणून मधूनमधून चांगल्या ठिकाणी एकटीनं जेवायचं एवढीच हौस.

तिथेच थांबायचं होतं. पण त्सुनेओनं विचारलं, मेमध्ये तुम्ही जेवलात आणि सप्टेंबरातही. दोन्हीतलं कुठलं बरं होतं?

बाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "सप्टेंबरातलं सगळं आठवतं. कुठला मासा, कशी कापलेली काकडी, सारावर काय तरंगत होतं, सगळं. मी घरी जाऊन बहिणीला फोनवर सांगितलं होतं. मेमध्ये मात्र... त्याच आठवड्यात आई गेली होती. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. गरम होतं, इतकंच. मी रडले आणि या मालकीणबाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मग मी सगळं संपवलं."

"म्हणजे सप्टेंबरातलं बरं," त्सुनेओ म्हणाला.

"आज मी इथे पुन्हा आले ती कशासाठी, ते मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "मेमधल्यासाठी असावं. पण ते मिळेल अशा अपेक्षेनं नाही आले. मला नीट बोलता येत नाही, माफ करा."

बाई गेल्यावर त्सुनेओ माझ्याकडे बघून म्हणाला, तुला कळलं का ती काय म्हणाली? मी मान हलवली, म्हणजे नाही. मित्सुए वाट्या पुसत होती, तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांचं भांडण झालं, आणि तेही दिवसाढवळ्या, बाजारातून आणलेल्या मुळ्यांच्या जुड्या उघड्या पडलेल्या असताना. त्सुनेओनं ठरवून टाकलं होतं की उद्यापासून चुलीपाशी मित्सुएनं उभं राहायचं. तारा तिचा असणार, ती बाई पुन्हा आली ती तिच्यासाठी, तेव्हा न्याय म्हणजे न्याय. खांद्यावरचा पुसायचा कपडा काढून तो तिच्या हातात देत होता आणि ती घेत नव्हती.

"मला काय बक्षीस देताय?" ती म्हणाली. तिचा तो लिफ्टमधला आवाज अजिबात नव्हता. "तुमच्या मनाला चैन पडावं म्हणून मी तिथे उभी राहू?"

"तुला नको आहे का?"

"तेच मला कळत नाहीये. तुम्ही वर झोपला होता तेव्हा मी रोज घाबरत होते आणि रोज सकाळी लवकर जाग येत होती. तुम्ही खाली आलात तेव्हा मी सुरी धुऊन ठेवली, मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. आणि आता हा तारा आल्यापासून वाटतंय. त्या फोनवाल्या बाईनं नाव विचारलं आणि तुम्ही गप्प बसलात, तेव्हा मी तांदूळ धुवायला निघून गेले. तुमचं नाव सांगितलंत तर मला वाईट वाटेल, माझं सांगितलंत तर त्याहून वाईट वाटेल. म्हणून मीच फोन करून टाकला. आता मला विचारू नका मला काय हवंय. मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का इतक्या वर्षांत?"

त्सुनेओ कपडा हातात धरून उभा राहिला. मी मुळ्यांच्या बाजूला, बाटल्यांचं खोकं घेऊन. जावं की थांबावं ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यानंच मला खोकं खाली ठेवायला सांगितलं.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी जपून वागायला लागले आणि त्यातून आणखी घोटाळे झाले. बोलणं कमी, म्हणून कुणी काय करायचं ते ठरेना. एका संध्याकाळी, मार्चची सुरुवात असावी, त्सुनेओनं त्याचं नेहमीचं सार केलं. मित्सुएनं वरच्या मजल्यावर आपलं सार करून ठेवलं होतं, कारण दुपारी तो म्हणाला होता, "आज तू बघ," आणि तिला वाटलं साराबद्दल म्हणाला. तो फोनबद्दल म्हणाला होता. तिनं भरलेल्या वाट्या जिन्यानं खाली आणल्या तेव्हा याच्या वाट्या फळीवर गेलेल्या होत्या. गिऱ्हाइकं समोर बसलेली. परत न्यायच्या तर सगळ्यांनी बघितलेलं. तिनं मान किंचित कलती केली आणि म्हणाली, "आता दुसरं सार घेऊन येत आहोत, सावकाश घ्या."

लोकांनी घेतलं. कुणाला काही विचित्र वाटलं नाही. कोबेच्या एका म्हाताऱ्यानं तर शेजारच्याला समजावलं की ही ओसाकाची जुनी पद्धत आहे, आता फार कमी ठिकाणी पाळतात. अशी कुठलीही पद्धत नाही. त्सुनेओ तोंड उघडणार होता, मित्सुएनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं मिटलं.

दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काही न सांगता दोन्ही सारं झाली. तिसऱ्या दिवशी तिनं आपलं पातेलं खाली आणलं, कारण भरलेल्या वाट्या घेऊन जिना उतरणं धोक्याचं. चूल दोघांना पुरेना, म्हणून त्यानं मुळ्यांची टोपली हलवून एक लहान चूल बसवून घेतली. ती तिथे उभी राहायला लागली. कोट घ्यायला आता कुणी नसतं. लोक आपले आपण खुंटीला अडकवतात.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दोघं एका अरुंद जागेत उभे राहतात आणि एकमेकांच्या कोपराला लागतात. तो तिच्या पातेल्यात डोकावतो आणि मिठाबद्दल बोलतो. ती त्याच्या पातेल्याकडे बघतच नाही, याचाही त्याला राग येतो. काही जुनी गिऱ्हाइकं तक्रार करतात की दोन सारांनी पोट भरतं आणि भाताला जागा उरत नाही. नवी गिऱ्हाइकं विचारतात, पहिलं कुणाचं आणि दुसरं कुणाचं? यावर मित्सुए सांगते, दोन्ही हिगाकींचं.

थंडीत पुस्तक पुन्हा निघालं. तारा राहिला. त्याच चार ओळी, फक्त 'शांत' हा शब्द गेला आणि 'उदार' आला. त्सुनेओनं तो शब्द मला दाखवला, म्हणाला, उदार म्हणजे पोट जास्त भरतं असं तर म्हणायचं नसेल? मी म्हटलं, माहीत नाही. यंदा मात्र कुणी आलं होतं का, कधी आलं होतं, याचा तपास दोघांनीही केला नाही. वेळच नव्हता.

गेल्या आठवड्यात मित्सुए बहिणीबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांना गेली, आरिमाला, दोन रात्रींसाठी. लग्नानंतर ती त्याला सोडून अशी पहिल्यांदाच गेली असेल. दुकान उघडं होतं. त्सुनेओनं एकच सार केलं. कुणीतरी विचारलंच, दुसरं कुठंय? तो म्हणाला, "ती गावाला गेलीय," आणि मान खाली घालून माफी मागितली. मी त्याला फळीमागून कुणाची माफी मागताना आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात आला. नेहमी येतो तसा मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं, गिऱ्हाइकासारखा. बाटल्यांसमोर उभा राहिला, एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मी विचारलं काय हवंय. तो म्हणाला, काही नाही. मग बाटलीवरचं लेबल वाचत वाचत विचारलं, आरिमाहून येणारी बस कुठे थांबते, स्टेशनाच्या या बाजूला की त्या? इतकी वर्षं या शहरात राहून त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तो निघाला. कमरेमुळे अजून थोडा डावीकडे झुकून चालतो. पुढच्या कोपऱ्यावर जाऊन थांबला, आणि मी सांगितली त्याच्या उलट्या बाजूला वळला.